मेव्हण्यासाठी धुतलेली स्कूटर

आमच्या शिवणकारखान्याच्या गेटात दर आठवड्याला एक जुनी स्कूटर येऊन उभी राहते. तिला स्कूटर म्हणायचं नाही. ठिणगीकाका तिला दुकान म्हणतात. ‘दुकान घेऊन येतो’, ‘दुकान आज जरा खोकतंय’, असं त्यांचं बोलणं. नवख्याला वाटतं, म्हाताऱ्याचा एखादा स्क्रू ढिला आहे. पण बघितलं की पटतं. स्कूटर मधल्या स्टँडवर चढवली की मागचं चाक जमिनीवरून सुटतं. किक मारायची, गिअर टाकायचा, की चाक जागच्या जागी फिरायला लागतं. चाकाला बसवलेल्या कप्पीवरून एक पट्टा वर कॅरिअरवरच्या धारेच्या दगडाला जातो. दगडाने वेग घेतला की काका एक डोळा बारीक करून कात्रीचं पातं त्यावर टेकवतात आणि ठिणग्यांचा फवारा उडतो. नाव तिथूनच पडलं. खरं नाव काय ते त्यांच्या बायकोला विचारा, असं म्हटलं असतं, पण काकीही ‘अहो’च म्हणतात.

बोथट कात्रीने दिवसभर जाड कापड कापणं काय असतं, हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळत नाही. अंगठ्याचं मूळ सुजतं, रात्री मनगट उशाखाली दाबून झोपावं लागतं. कारखान्याचं म्हणणं होतं, कात्र्या तुमच्या, धार तुम्ही बघा. मी म्हटलं, बोटं आमची, ती पण आम्हीच बघतो, आणि सगळ्या बायकांना घेऊन गेटात बसले. चढलेलं ऊन उतरायच्या आत धारवाल्याला गेटच्या आत येऊ द्यायचं कबूल झालं. तेव्हापासून काका मला लीडरबाई म्हणतात. त्यात निम्मी थट्टा असते. मी ती चालवून घेते, कारण इतर कोणाची मी चालवून घेत नाही.

गुडघा गेल्यापासून काकांना चालत फिरणं जमत नाही. पायाने फिरवायचं जुनं धारचक्र त्यांनी माळ्यावर टाकलं ते कायमचंच. दगडसुद्धा त्यांनी कॅरिअरच्या डाव्या अंगाचा उजव्या अंगाला आणला, म्हणजे स्टुलावर बसून तो पाय सरळ पसरता येतो. थोडक्यात, स्कूटर चालली तर काका चालणार. स्कूटर घरी, तर काका घरी, आणि घरी बसून हा माणूस भिंतीशी बोलायला लागेल हे आम्हाला सगळ्यांनाच दिसत होतं.

आणि नेमकी स्कूटरच दगा द्यायला लागली. दिवसभर ठिणग्या उडवणाऱ्या माणसाच्या गाडीला स्वतःपुरती एक ठिणगी मिळेना. सकाळी निघताना शहाण्यासारखी सुरू व्हायची. गेटात दोन-चार कात्र्या झाल्या की खोकायची, झटका द्यायची आणि गप्प. किक मारून मारून काका घामाघूम. मग कंटाळून बसावं, चहा प्यावा, सहज एक किक मारावी, तर चालू. काही झालंच नाही असा चेहरा करून.

अशा वेळी जग शहाणं होतं. वॉचमन म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी आहे. मला ते पटलं, कारण पंपावरचा तो गुळगुळीत दाढी केलेला मला आधीपासून पटत नव्हता. मी गेले, बाटली मागितली, पेट्रोल काढायला लावलं, उन्हात धरून सगळ्या रांगेला दाखवलं. पेट्रोल स्वच्छ निघालं. ठीक आहे. तपासून घ्यायचा आपला हक्क असतो, स्वच्छ निघालं म्हणून तो जात नाही.

मग काकांनी स्कूटर मेव्हण्याकडे नेली. काकींच्या ह्या धाकट्या भावाचं नाल्यापलीकडे गॅरेज आहे. हात चांगला आणि जीभ त्याहून तिखट. पूर्वी कधीतरी सगळ्या नातेवाइकांच्या देखत तो काकांना म्हणाला होता, “भावजी, ही स्कूटर आहे का चिखलातून ओढून काढलेली म्हैस?” घरभर हशा पिकला. काकीसुद्धा हसल्या, आणि ते काकांना जास्त लागलं. बायकोच्या माहेरच्यांना नाव ठेवायला पुन्हा जागा द्यायची नाही, असं त्यांनी त्या दिवशी मनाशी धरलं आणि अजून सोडलेलं नाही.

मेव्हण्याने रीतसर काम केलं, ते मान्य करायला पाहिजे. पहिल्यांदा प्लग बदलला. दुसऱ्यांदा प्लगची टोपी आणि तिच्याकडे जाणारी जाड वायर. पुढच्या वेळी कॉइल. त्याच्या पुढच्या वेळी मॅग्नेट उघडून, म्हणजे इंजिनाच्या बाजूला जे लोहचुंबकाचं जड चाक फिरतं आणि वीज तयार करतं ते काढून, आतला कंडेन्सर बदलला, पॉइंट घासून पुसून नीट लावले. पॉइंट म्हणजे दोन इवलीशी टोकं. ती मिटतात, उघडतात, आणि उघडताना ठिणगीला हुकूम देतात. दर वेळी गाडी गॅरेजात पहिल्या किकला सुरू व्हायची. मेव्हणा ती तासभर तशीच धडधडत ठेवायचा. एकदाही बंद पडली नाही. दोन दिवस बरे जायचे आणि आमच्या गेटात आली की पुन्हा तेच रडगाणं.

मेव्हण्यालाही ते झोंबलं होतं. घरच्याच माणसाची गाडी दुरुस्त होत नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकाने काय समजायचं? तो काकांना म्हणाला, माझ्याकडे गरीब गाय असते, तुमच्याकडे आली की उधळते. काका म्हणाले, तुझ्या बहिणीचंही तसंच आहे. हे भांडण काकींपर्यंत पोचलं आणि दोघांनाही महागात पडलं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग एका संध्याकाळी काका मुलीला कामावरून घरी आणत होते. मुलगी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालते. मोठ्या चौकात, अगदी मधोमध, स्कूटरने झटका दिला आणि ती मेली. मागे ट्रक होता. त्याने ब्रेक दाबला, ट्रक आडवा होत होत थांबला. कोणाला खरचटलंही नाही. काका उतरून गाडी ढकलत कडेला नेताना ट्रकवाल्याने त्यांना पोटभर ऐकवलं, आणि काकांनी, जे कधी कोणाचं ऐकून घेत नाहीत, खाली मान घालून ऐकलं.

घरी आल्यावर मुलगी पाणी प्यायली, ग्लास पालथा ठेवला आणि म्हणाली, “बाबा, मी दिवसभर लोकांचे पाय बांधते. तुमचा बांधायची पाळी माझ्यावर आणू नका.”

काकांनी तिला शब्द दिला. आता एकदा जरी बंद पडली तर दुकान भंगारात, आणि भंगारवाल्याला मीच बोलावीन. मुलीने त्या माणसाशी बोलूनही ठेवलं. ती वाईट नाही. मला तर तिचा मुद्दा शंभर टक्के मान्य होता, आणि म्हणूनच माझी चिडचिड होत होती. समोरचा चुकीचा असला की भांडता येतं. बरोबर असला की काय करणार?

पुढच्या खेपेला काका आले ते थट्टा न करता. स्टुलावर बसले, पाय पसरला, कात्र्यांचा ढीग पुढे ओढला. आम्ही आळीपाळीने खिडकीशी जात होतो, कापड बघायचं निमित्त करून. ढीग अर्ध्यावर आला होता. इंजिन खोकलं. काकांनी कात्री उचलून धरली आणि थांबले, जसं आजारी माणसाच्या खोलीत आपण थांबतो. दुसरा खोकला. मग पट्ट्याचा सरसर आवाज तेवढा राहिला, दगड हळू हळू होत थांबला.

त्यांनी किक मारली नाही. चष्मा काढून खिशात ठेवला, फोन काढला आणि मुलीला सांगितलं, की संध्याकाळी भंगारवाल्याला घेऊन ये, इथेच ये. फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाले, “लीडरबाई, दुकान बंद झालं.”

ते उठले, वॉचमनकडे बादली आणि फडकं मागितलं. मी विचारलं, भंगारात द्यायची ती धुता कशाला? तर म्हणाले, द्यायच्या आधी एकदा मेव्हण्याला दाखवतो, आणि असली घाण घेऊन त्याच्या दारात कसा जाऊ?

मी विचारलं, दर वेळी धुऊन नेता?

“मग काय, म्हैस नेऊ?” असं म्हणत त्यांनी दगड उतरवायला घेतला, पट्टा गुंडाळला, आणि शर्टाच्या खिशातून एक चकतीएवढं झाकण काढून इंजिनाच्या बाजूला दाबून बसवायला लागले. हे काय म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, काम करताना गाडी एका जागी उभी असते, वारा लागत नाही, तापते, म्हणून मॅग्नेटवरचं हे झाकण आपण काढून ठेवतो, तेवढाच तिला श्वास. बाजूचं मोठं कव्हर तर घरीच काढून ठेवलेलं असतं. मेव्हण्याने बघितलं तर बोंब मारेल, म्हणून नेताना दोन्ही परत लावतो.

इथे माझं डोकं सटकलं, आणि त्याच झटक्यात प्रकाशही पडला. कारखान्यात तपासणीचे साहेब येणार असले की काय होतं ते मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. आदल्या दिवशी जाळ्या झाडतात, बंद पंखे फिरायला लागतात, संडासाला कडी बसते, आमच्यातल्या खोकणाऱ्या बाईला सुट्टी मिळते. साहेब फिरतात, लिहितात सगळं ठीक आहे, आणि जातात. साहेब खोटं लिहीत नाहीत. त्यांनी जे बघितलं ते ठीकच असतं. ह्या भल्या माणसाने आपल्या मेव्हण्याचा तपासणीचा साहेब करून ठेवला होता.

मी फडकं हिसकावून घेतलं. झाकणही. काकांना सांगितलं, एक थेंब पाणी गाडीवर पडलं तर गाठ माझ्याशी आहे. दगड होता तिथे परत चढवायला लावला. आणि मेव्हण्याला फोन केला, की आहात तसे या, हत्यारं घेऊन या, गाडी तुमच्याकडे येणार नाही. तो म्हणाला गिऱ्हाईक आहे. मी म्हटलं, असू दे, तुमच्या बहिणीचा नवरा पण आहे. तो आला.

गेटात शिरला आणि स्कूटर बघून जागीच थांबला. इतक्या वर्षांत त्याने तिला कामावरच्या कपड्यात बघितलंच नव्हतं. कॅरिअरवर दगड, पट्ट्याची वेटोळी, आणि उजव्या अंगाला सगळीकडे करड्या रंगाचा जाड थर, पिठाच्या गिरणीत असतो तसा. काका दुसरीकडे बघत होते. पकडले गेल्यासारखे.

मेव्हणा टोमणा मारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने मारला नाही. उकिडवा बसला आणि क्रमाने कामाला लागला. प्लग काढला, टोपीत घातला, इंजिनाच्या धातूला टेकवून धरला आणि काकांना हाताने किक दाबायला सांगितली. ठिणगी नाही. इंजिन बंद करायच्या बटणाची वायर सोडली, कारण कधी कधी ती गाडीच्या अंगाला चिकटून वीज खाते. पुन्हा किक. नाही. म्हणजे खोट बाहेर नाही, आत आहे, असं तो स्वतःशीच पुटपुटला. मग त्याची नजर त्या उघड्या भोकावर गेली, जिथे झाकण असायला हवं होतं. त्याने खिशातली बॅटरी पेटवून आत बघितलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक आत घातलं, फिरवलं, बाहेर काढलं.

टोकाला दाढी उगवली होती. काळी, केसाळ, ताठ.

“भावजी, हे काय आहे?”

काका वाकले. ती दाढी त्यांनी चिमटीत घेतली, चोळली, आणि त्यांचा चेहरा बदलला. लोखंडाचा कीस त्यांच्याइतका कोणाला ओळखू येणार? जन्म त्यातच गेलाय. कात्र्यांचाच कीस होता तो. आमच्याच कात्र्यांचा.

मेव्हण्याने मॅग्नेट खेचून बाहेर काढला आणि पालथा केला. आम्ही कामं सोडून गोळा झालो होतो. आतल्या चुंबकांना जिकडेतिकडे काळं गवत उगवलेलं, आणि पॉइंटच्या त्या दोन इवल्या टोकांच्या मधे किसाचा पूल बांधला गेलेला. टोकं उघडत होती, पण मधल्या पुलावरून वीज आपली चालतच होती. हुकूम सुटणार कधी आणि ठिणगी पडणार कधी? थोडा वेळ गाडी उभी राहिली, किकचे हिसके बसले, की पूल ढासळायचा आणि गाडी सुरू व्हायची. पुन्हा दगड फिरला की पुन्हा कीस. मॅग्नेटचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो. दगड डावीकडे होता तोवर कीस पलीकडे उडत होता. गुडघ्यासाठी दगड उजवीकडे आला, श्वासासाठी झाकण निघालं, आणि काका आपल्या हाताने गाडीला लोखंड भरवत बसले.

मेव्हणा म्हणाला, की आपणही दर वेळी आत काळं बघत होतो, जुन्या गाडीत काळं निघायचंच म्हणून पुसत होतो. पुसलं की गाडी सुधारायची, आणि श्रेय नव्या पार्टला जायचं. बोटाने चोळून एकदा बघितलं असतं तर कळलं असतं. हे त्याने सगळ्या बायकांसमोर सांगितलं, आणि तेव्हापासून त्याच्याबद्दलचं माझं मत सुधारलं आहे. मग काकांकडे वळला.

“भावजी, मी पाहुणा नाही, मिस्त्री आहे. मला गाडी मळकीच दाखवत जा.”

काका म्हणाले, हसणार नसशील तर. तो म्हणाला, हसणार, पण दुरुस्त करून झाल्यावर.

ब्रशने आणि पेट्रोलने चुंबक धुतले, पॉइंट पुसून कागदासारखी पातळ पट्टी मधे सरकवून अंतर लावलं, मॅग्नेट आवळला, झाकण दाबून बसवलं. ते पुन्हा निघालं तर आपण बहिणीला सांगू, असा दम दिला. प्लग पुन्हा धातूला टेकवला. काकांनी किक दाबली आणि टचकन निळी ठिणगी पडली. छोटीशी, पण मी काकांच्या फवाऱ्यांनासुद्धा कधी असं डोळे फाडून बघितलं नव्हतं. प्लग जागी बसला, दुसऱ्या किकला इंजिन बोलायला लागलं. काकांनी स्टूल पुढे ओढलं.

पण कीस तर उद्याही उडणारच. मेव्हण्याने ऑइलचा रिकामा डबा कापून, सपाट करून, दगड आणि इंजिन यांच्या मधे पत्रा ठोकला. पंख्याला हवा मिळाली पाहिजे, त्याला गुंडाळू नका, नाहीतर इंजिन भाजून निघेल, असं बजावलं. पत्र्याच्या कडेने अजून फट होती. तेव्हा आमच्यातल्या एकीने जाड कापडाचा उरलेला तुकडा आणला, मशीनवर दुहेरी टाका मारला, आणि पत्र्याखाली झालर लावून दिली. कारखान्याच्या मालाला इतकी सरळ शिवण आम्ही कधी घातली नसेल.

संध्याकाळी मुलगी आली. दवाखान्यातून सरळ, बाहीवर प्लास्टरचा पांढरा डाग तसाच. मागे हातगाडी घेऊन भंगारवाला. मामाने तिला सगळं समजावलं, तिने ऐकून घेतलं, आणि विचारलं, खात्री आहे? मेव्हण्याने डोकं खाजवलं. म्हणाला, खात्री आहे असं मी दर वेळी म्हणालो होतो, आज म्हणत नाही, तू स्वतः बघ.

ती स्टुलाशेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. काकांनी उरलेला ढीग पुढे घेतला. एकेक कात्री झाली. ठिणग्या पत्र्यावर आपटून खाली पडत होत्या. मुलगी ठिणग्यांकडे बघत नव्हती, इंजिनाकडे कान लावून होती. आम्ही पण. काका तर पात्याकडेही धड बघत नसावेत, पण हात चुकला नाही. ढीग संपला. इंजिन एकदाही खोकलं नाही. तरी ती म्हणाली, चालू राहू द्या. मग भंगारवाल्याने, जो इतका वेळ हातगाडीवर टेकून तमाशा बघत होता, हातगाडीतून पत्रा कापायची स्वतःची मोठी कात्री काढली आणि म्हणाला, की माल तर गेलाच आहे हातचा, निदान हिला तरी धार लावा. ती कात्री अशी बोथट होती की काकांना तिच्यावर बराच वेळ घालवावा लागला. तेवढा वेळही इंजिन चाललं.

काकांनी बटण दाबून गाडी बंद केली. आपण होऊन, आपल्या हाताने. मला वाटतं त्या दिवशी त्यांना सगळ्यात जास्त सुख त्याचंच झालं असेल.

काकांनी दगडाचा पट्टा उतरवेपर्यंत मुलीने पत्रा हलवून बघितला, झाकणावर अंगठा दाबून बघितला. मग ओढणीचं टोक खोचलं आणि मागच्या सीटवर, दगडाला पाठ टेकवून, बसली.

“चौकातूनच घ्या, बाबा.”

काकांनी वळून बघितलं. मागच्या गल्ल्यांमधून लांबचा रस्ता होता, तो ते धरणार होते. तिने मान हलवली, चौकातूनच. ते गेले. मेव्हणा, भंगारवाला आणि मी गेटात उभे राहून आवाज ऐकत होतो. कोपऱ्यापर्यंत गेला, चौकापाशी मंदावला, सिग्नलला थांबून संथ धडधडत राहिला. मेव्हण्याने माझ्या दंडाला धरलंय हे मला नंतर कळलं. मग आवाज चढला, आणि चौकाच्या पलीकडे जाऊन बारीक होत गेला. तुटला नाही.

पुढच्या खेपेला काका आले ते थट्टा घेऊनच. मेव्हण्याकडे तपासायला गाडी घेऊन गेले होते, करड्या थरासकट, न धुता. मिस्त्री खूश झाला. घरी मात्र काकींनी तोंड फुगवलं. म्हणे, माझ्या माहेरी असल्या अवतारात जाता, माझी काही लाज आहे की नाही?